आधी पाकीट, शेवटी टिकली

हाताने भेटकार्डे करायची असे ठरले की पहिली चक्कर होते ती स्टेशनरीच्या दुकानात. तिथून पिशवीत येतात चमकीच्या डब्या, टिकल्या, मोती, रंगीत टेपची रिळे आणि फुलाच्या आकाराचा एखादा पंच. कार्डासाठी कागद मात्र घरातलाच, मुलांच्या प्रकल्पातून उरलेला. संध्याकाळी कामाला बसल्यावर कळते की कागद घडीवर तडकतोय, गोंद लावला की फुगतोय, आणि एवढे करून कार्ड जमलेच तर ते मावेल असे पाकीट जवळपासच्या एकाही दुकानात नाही.

खरेदीचा क्रम नेमका उलटा हवा. आधी पाकीट, मग त्यात बसणारा कागद, मग कापण्याची आणि घडी घालण्याची हत्यारे, त्यानंतर चिकटवण्याचे आणि लिहिण्याचे सामान. सजावट सगळ्यात शेवटी, तीही शक्यतो घरातलीच. कार्ड देखणे दिसते ते सरळ कापलेल्या कडेमुळे आणि स्वच्छ बसलेल्या घडीमुळे. या दोन गोष्टी साधल्या तर वर काहीही न चिकटवलेले कार्डसुद्धा हातात घ्यावेसे वाटते. त्या फसल्या तर मोत्यांनी काही भागत नाही.

पुढची मापे दिवाळीसाठी वीस-पंचवीस कार्डे करून पोस्टाने पाठवायची आहेत असे धरून दिली आहेत. संक्रांत, वाढदिवस, बारसे, निवृत्ती, निमित्त कोणतेही असो, सामान हेच लागते.

पाकीट: माप आणि वजन

तयार पाकिटांची मापे ठरलेली असतात. घरगुती कामाला सर्वांत सोयीचे सी-६, म्हणजे ११४ × १६२ मिलिमीटर. त्यात ए-६ कार्ड (१०५ × १४८ मिमी) न अडता सरकते. ए-४ कागद मधोमध कापला की ए-५ चे दोन तुकडे होतात. त्यातला एक तुकडा मधोमध दुमडला की झाले ए-६ कार्ड. अख्खा ए-४ दुमडून केलेल्या ए-५ कार्डाला सी-५ पाकीट (१६२ × २२९ मिमी) लागते. चौरस, गोल, पानाच्या आकाराची कार्डे सुरुवातीला करू नका. कार्ड होते, पाकीट मिळत नाही.

वजनाचा हिशेबही इथेच करून ठेवावा. २५० जीएसएमच्या कागदाचे ए-६ कार्ड सुमारे ८ ग्रॅम भरते. १०० जीएसएमचे पाकीट ५ ग्रॅमच्या आत. आत मजकुरासाठी पातळ कागद जोडला तर आणखी अडीच-तीन ग्रॅम. बेरीज १६ पर्यंत जाते. पोस्टात साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, म्हणजे सजावटीला चार ग्रॅम हातात उरतात. ए-५ कार्ड एकटेच साडेपंधरा ग्रॅमचे. सी-५ पाकिटात घातले की वीस ओलांडतेच. पंचवीस कार्डांना जादा तिकीट लावायची तयारी असेल तर प्रश्न नाही, पण ते आधी माहीत असावे.

पाकीट घरीही होते, आणि ए-४ च्या एका कागदात एक बसते. कागद उभा ठेवून दोन्ही बाजूंनी २८ मिलिमीटर सोडून उभ्या रेघा आखा; मध्ये १५४ मिमीचा पट्टा राहील. वरून ६० मिमीवर एक आडवी रेघ, तिच्याखाली १११ वर दुसरी, पुन्हा १११ वर तिसरी. तिसरीच्या खालची पट्टी कापून टाका. वरचे ६० हे झाकण, मधला भाग ही पुढची बाजू, खालचा भाग ही मागची. बाजूचे कान फक्त मधल्या भागाला ठेवायचे, तेही २० मिमीपर्यंत छाटून. कान आत वळवा, खालचा भाग वर उचलून कानांवर चिकटवा. या कामाला ९० ते १०० जीएसएमचा कागद बरा. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानेही छान चालतात. पत्त्यासाठी वर पांढऱ्या कागदाची पट्टी लावली की झाले.

कागद: पैसे इथे घाला

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. कार्डासाठी २२० ते २८० चा टप्पा धरा. दोनशेच्या खालचे कार्ड टेबलावर उभे केले की कलंडते, तीनशेच्या वरच्या कागदाला घरच्या साधनांनी नीट घडी बसत नाही. दुकानात नुसती ‘कार्डशीट’ मागितली तर कोणताही जाडसर रंगीत कागद पुढे येतो. जीएसएम विचारूनच घ्या.

पांढरा, गुळगुळीत पण चकाकी नसलेला आयव्हरी हा सगळ्यांत बिनत्रासाचा. त्यावर पेन चालते, ठसा उठतो, गोंद धरतो. लग्नपत्रिकांचा चकचकीत आर्ट कार्ड दिसतो छान, पण त्यावर जेल पेनाची शाई लवकर वाळत नाही आणि बोट लागले की पसरते. तपकिरी क्राफ्ट कागद स्वस्त आणि भारदस्त; त्यावर पांढरा रंग उठून दिसतो, त्यामुळे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या वारली चित्रांची आठवण देणारे काम करायचे असेल तर हाच घ्यावा.

हातकागदाला स्वतःचा पोत असतो आणि तो कार्डाला नटवायची गरजच कमी करतो. पुण्याला शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तिथे कागद होतो. दौलताबाद-वेरूळ रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचे तर नावच या धंद्यावरून पडले आहे. जयपूरजवळच्या सांगानेरचा हातकागद आपल्याकडच्या दुकानांतही मिळतो. फुलांच्या पाकळ्या किंवा गवत घातलेले रंगीबेरंगी ताव पाहून भुलायला होते, पण लिहिण्याच्या बाजूला ते नकोत. पेनाचे टोक अडते. काही हातकागदांवर शाई फुटते, म्हणून ताव घेताना कोपऱ्यावर एक रेघ ओढून पाहावी. दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

हातकागदाची कड कात्रीने कापली तर त्याची मजा जाते. पट्टी ठेवून तिच्या कडेने ओला ब्रश दोनदा फिरवा, पाणी मुरू द्या आणि पट्टी दाबून धरून कागद हळूहळू ओढा. कड धाग्याधाग्याने सुटते आणि मूळ तावासारखीच दिसते.

२२ × ३० इंचाच्या एका तावातून ए-५ चे १० तुकडे निघतात: ३० इंचांच्या बाजूने १४८ मिमीचे पाच, २२ इंचांच्या बाजूने २१० मिमीचे दोन. वर साडेपाच इंचांची एक लांब पट्टी उरते. ती फेकू नका. त्यातून भेटवस्तूंना बांधायच्या चिठ्ठ्या आणि पुस्तकखुणा होतात. तीन तावांत पंचवीस कार्डे आरामात होतात.

यंत्रावर झालेल्या कागदात तंतू एकाच दिशेने बसलेले असतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर गुळगुळीत बसते, आडवी घातली तर तंतू तुटून पांढरी, खरखरीत कड दिसते. गडद रंगाच्या कागदावर तर ती लपतच नाही. ओळखायचे कसे? कागद न दुमडता आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकेच वाकवून पाहा. ज्या वेळी तो कमी विरोध करतो, तेव्हा वाकलेल्या भागाचा कणा ज्या दिशेने असेल ती ग्रेनची दिशा. तयार ए-४ मध्ये ग्रेन बहुधा लांबीला समांतर असतो. असा कागद मधोमध कापून केलेल्या ए-६ कार्डाची घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने पडते; अख्खा ए-४ दुमडला तर ती आडवी येते. लहान कार्ड सोयीचे म्हणतात त्याला हेही एक कारण आहे. हातकागदात तंतूंना अशी ठाम दिशा नसते, तिथे ही काळजी नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद एकेक तावाने मिळतो. गावात एवढी निवड नसेल तर लग्नपत्रिका छापणाऱ्याला गाठा. त्याच्याकडे जाड कागदाच्या कटिंगमधून निघालेल्या पट्ट्या पडून असतात, जुन्या नमुन्यांच्या पत्रिका असतात, आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे कटिंग मशीन असते. तीन ताव तिथेच ए-५ मध्ये कापून आणले तर तुमचे अर्धे काम झाले.

कापण्याची हत्यारे

कार्ड कात्रीने कापायचे नसते. कात्री प्रत्येक चिमट्याला किंचित वळते आणि लांब कडेवर ते दिसते. कात्री हवी ती लहान, टोकदार, फुले-पाने कापायला. सरळ कापायला तीन वस्तू लागतात: ९ मिमी पात्याचा कटर, ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी आणि कटिंग मॅट.

प्लॅस्टिकच्या पट्टीला कटर खातो; दोन दिवसांत तिची कड करवतीसारखी होते. पोलादी पट्टी घ्या, मागे कॉर्क असलेली मिळाली तर सरकत नाही. पट्टी नेहमी कार्डाचा जो भाग ठेवायचा आहे त्याच्यावर ठेवा. हात सरकलाच तर पाते टाकाऊ बाजूला जाईल. एका दमात कापू नका. पहिला हात नुसता वाट पाडायला, दुसरा-तिसरा कापायला. जोर लावावा लागत असेल तर पाते बोथट झाले आहे. पुढचा तुकडा पक्कडीने मोडून नवे टोक काढा. मोडलेला तुकडा चिकटपट्टीत गुंडाळूनच कचऱ्यात टाकावा, कचरा वेचणाऱ्याचे हात त्यात जाणार आहेत.

कटिंग मॅट ए-४ मापाची पुरते, ए-३ असेल तर हात मोकळा राहतो. तिच्यावर चौकटी छापलेल्या असल्याने काटकोन वेगळा तपासावा लागत नाही. उन्हात किंवा गरम भांड्याखाली ती वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. मॅट नसेल तोवर जाड पुठ्ठा चालेल. काचेवर कापू नका. पाते लगेच बोथट होते आणि हात घसरतो.

मुले मदतीला बसणार असतील तर कटर मोठ्यांच्या हातात आणि मुलांना गोल टोकाची कात्री, हा नियम पाळावा.

घडी

जाड कागद नुसता दुमडून बोटाने दाबला की घडी वेडीवाकडी फुटते. आधी रेघ दाबून घ्यावी लागते. छापखान्यात क्रीजिंग म्हणतात ते हेच. बाजारात यासाठी हाडाची किंवा प्लॅस्टिकची चपटी घडीपट्टी मिळते. ती नसली तरी शाई संपलेले बॉलपेन उत्तम काम करते.

ए-५ चा तुकडा मॅटवर ठेवा, कार्डाची बाहेरची बाजू वर. २१० मिमीच्या दोन्ही कडांवर १०५ वर पेन्सिलीचा अगदी बारीक ठिपका द्या. दोन ठिपक्यांवर पोलादी पट्टी घट्ट धरा आणि रिकामे पेन तिच्या कडेने दोन-तीनदा ओढा. कागद कापला जाता कामा नये, नुसती पन्हळ पडली पाहिजे. आता कागद उलटा करून बोट फिरवा: मागच्या बाजूला एक बारीक उंचवटा लागेल. घडी अशी घालायची की हा उंचवटा आत राहील. बरेच जण पन्हळीच्या आत घडी घालतात. दिसायला ते सोपे, पण त्यात बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. कडा जुळवून हलकेच दुमडा, मग घडीवर एक कोरा कागद ठेवून त्यावरून चमच्याची पाठ किंवा घडीपट्टी फिरवा. मध्ये कोरा कागद नसेल तर घासलेल्या जागी चकाकी येते, गडद रंगावर ती चांगलीच दिसते.

पंचवीसच्या पंचवीस कार्डांवर आधी रेघा दाबून घ्याव्यात, दुमडायचे काम सजावटीनंतर. सपाट कागदावर काम सोपे जाते.

चिकटवण्याचे सामान

सगळ्यांत जास्त कार्डे बिघडतात ती गोंदामुळे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते. पाणी प्यायले की कागदाचे तंतू फुगतात, वाळताना आकसतात, आणि कार्डाला पोक येतो. यावर उपाय प्रमाणाचा: गोंद वाटीत काढा, चपट्या ब्रशने मधून कडांकडे पातळ पसरवा, चिकटवल्यावर वर-खाली बटर पेपर घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. नळीतून थेंब पाडून बोटाने दाबणे ही पद्धत शाळेत सोडून द्यावी.

कागदावर मोठा कागद बसवायचा असेल तर दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरा. ६ मिमीची टेप कडांना आणि १२ ची मोठ्या भागाला. तिच्यात पाणी नाही, त्यामुळे पोकही नाही. पण एकदा लागली की सरकवता येत नाही. आधी फक्त एका कडेचा कागद सोलून जागा पक्की करा, मग बाकीचा काढा. एखादे फूल किंवा पणती थोडी उचलून दाखवायची असेल तर फोमची टेप. ग्लू स्टिक पातळ कागदाला आणि मुलांच्या हाताला ठीक, पण जाड कार्डावर ती काही महिन्यांत सुटते. गरम गोंदाची बंदूक कार्डासाठी नकोच. गोळा उठतो आणि पाकीट बंद होत नाही.

कणकेची खळ स्वस्त आणि मऊ असते, कापड चिकटवायला तर फारच चांगली. मात्र कसर तिच्यावर ताव मारते. पुस्तकबांधणीवाले म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी असल्याने घरात, विशेषतः मुलांच्या हाताशी, वापरू नये. वर्षानुवर्षे टिकावे असे कार्ड असेल तर खळ टाळलेली बरी.

लिहिणे आणि रंग

पेन निवडताना एकच चाचणी: लिहा, मिनिटभर थांबा, ओले बोट फिरवा. शाई पसरली तर ते पेन आतल्या मजकुराला ठेवा, बाहेर नको. पोस्टमनच्या पिशवीत पाऊस शिरतोच. पिगमेंट शाईची बारीक टोकाची पेने पाण्याने पसरत नाहीत, वरून जलरंगही देता येतो. गडद कागदासाठी एक पांढरे जेल पेन घ्या. स्केचपेन पातळ कागदात झिरपते आणि काही महिन्यांत फिके पडते.

देवनागरी सुंदर लिहायची तर आधी पेन्सिलीने ओळ आखावी, आणि आखायची ती वरची, शिरोरेषेची. आपली अक्षरे वरच्या रेघेला लटकतात. खाली रेघ आखून लिहिले की डोकी वरखाली होतात आणि मग शिरोरेषा लाटेसारखी जाते. अक्षरे आधी लिहा, रेघ शेवटी एका हाताने ओढा. ‘शुभ दीपावली’ मध्यावर बसवायचे असेल तर ते रद्दी कागदावर त्याच पेनाने लिहून त्याची लांबी मोजा आणि तेवढी जागा मधोमध खूण करून ठेवा. जाडबारीक वळणांसाठी कट निब किंवा बोरू घेताना देवनागरीचा काप मागा. रोमन अक्षरांसाठी तासलेला काप आपल्या वळणांना उलटा पडतो. पेन्सिल खोडायची ती शाई पूर्ण वाळल्यावरच, मऊ रबराने.

रंगात पोस्टर कलरच्या चार बाटल्या पुरतात: पांढरा, लाल, पिवळा, निळा. पांढरी मोठी घ्या, तीच आधी संपते. रंग घडीवर जाड देऊ नका, वाळल्यावर तो तडकून गळतो. जलरंगात भिजवून काम करायचे असेल तर कागद ३०० जीएसएमचा घ्या आणि चित्राचा तुकडा वेगळा करून कार्डावर लावा. घडी घालायला मूळ कार्ड हलकेच राहील.

आतल्या मजकुरासाठी ९० जीएसएमचा पांढरा कागद कार्डापेक्षा चारही बाजूंनी ५ मिमी लहान कापून, दुमडून, घडीजवळ मागच्या बाजूला टेपच्या एका बारीक पट्टीवर धरावा. लिहिताना चूक झाली तर तेवढाच कागद बदलता येतो, पूर्ण कार्ड बाद होत नाही. गडद कार्डावर आत पांढऱ्या पेनाने लिहीत बसण्याचा त्रासही वाचतो.

सजावट: आधी घरात शोधा

ठशांसाठी बटाटा, भेंडी, भोपळी मिरची. बटाटा कापल्यावर त्याचे पाणी कापडाने टिपून घ्या, दहा मिनिटे उलटा ठेवा, नाहीतर रंग पातळ होऊन ठसा पसरतो. रंगात थेट बुडवू नका. ओलसर स्पंजवर रंग पसरवून त्यावर ठसा टेकवा. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा म्हणजे तयार फूल. नक्षी हवी असेल तर साध्या खोडरबरावर कटरने कोरा; अक्षर कोरायचे असेल तर ते उलटे कोरायला विसरू नका.

सुकवलेल्या फुलांत बोगनवेल पहिल्या नंबराची. तिची रंगीत पाने मुळातच कागदासारखी पातळ असल्याने दोन आठवडे वर्तमानपत्रात घालून पुस्तकांखाली ठेवली तरी रंग टिकवून धरतात. गुलाबाच्या पाकळ्या तपकिरी पडतात, शेवंतीचे अख्खे फूल जाड राहते. शेवंतीच्या पाकळ्या सुट्या करून वाळवा. पिंपळाच्या पानाची जाळी हवी असेल तर पान काही आठवडे पाण्यात कुजू द्यावे, पाणी बदलत राहावे आणि मग मऊ टूथब्रशने गर काढावा. वास येतो, म्हणून बादली गॅलरीत.

खणाचा तुकडा, जुन्या साडीचा जरीकाठ कार्डावर फार शोभतो. कापलेल्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून कापड आधी पातळ कागदावर फेविकॉल किंवा खळीने चिकटवा, पूर्ण वाळवा, आणि नंतर हव्या त्या आकारात कटरने कापा. कागद दोरे धरून ठेवतो.

विकतचे घ्यायचेच तर आकाराचा एक पंच घ्या. जाड कागदाने तो अडतो. मेणकागदाचे दोन-चार छेद घेतले की पुन्हा सरकतो, ॲल्युमिनियम फॉइलवर मारले तर धारेलाही बरे. सुटी चमकी शक्यतो नको. ज्याने पाकीट जेवणाच्या टेबलावर उघडले त्याच्या वरणभातात ती जाते. डाय-कटिंगचे मशीन पहिल्या वर्षी तर मुळीच नको. वर्षाला शंभर कार्डे होऊ लागली की विचार करा.

एक कार्ड, पूर्ण

क्राफ्ट कागदावर ठिपक्यांची रांगोळी शिवून केलेले हे कार्ड वजनाला हलके, पाकिटात सपाट बसणारे, आणि तासाभरात होणारे आहे.

रेघ दाबलेला ए-५ तुकडा उघडाच ठेवा. वेगळ्या पातळ कागदावर ‘पाच ते तीन’ ठिपके काढा: ओळींत ३, ४, ५, ४, ३ असे एकूण १९. ठिपक्यांत १५ मिमी अंतर, ओळींत १३ मिमी, प्रत्येक ओळ अर्ध्या अंतराने सरकलेली. हा कागद कार्डाच्या पुढच्या बाजूवर मधोमध ठेवून कडेला साध्या टेपने हलकेच अडकवा. खाली जुन्या रबरी चपलेचा तळ किंवा थर्माकोल. ज्या सुईने शिवायचे तिनेच टोचा; दाभणाने भोके फार मोठी पडतात. टोचायचे ते सहा कोपरे, मधल्या ठिपक्याभोवतीचे सहा आणि तो मधला.

भरतकामाच्या सहापदरी धाग्यातले दोन पदर काढा, लांबी एक मीटर. गाठ मारू नका, ती वरून फुगवटा देते. शेपूट मागे टेपने चिकटवा. एका कोपऱ्यातून सुई वर काढा आणि एक कोपरा सोडून पुढच्या कोपऱ्याकडे जा. वाटेत मधल्या सहांपैकी एक ठिपका बरोबर रेघेवर येतो, तिथे सुई खाली. असा धावदोरा घालत त्रिकोण पुरा करा, मग त्याच वाटेने उलटे येत रिकाम्या जागा भरा. उरलेल्या तीन कोपऱ्यांचा दुसरा त्रिकोण तसाच. दोन त्रिकोणांची चांदणी तयार होते. मधल्या भोकातून एक टिकली शिवा. राहिलेल्या सहा ठिपक्यांवर पांढऱ्या जेल पेनाचा एकेक ठिपका द्या. मागचे टाके झाकायला आतला पांढरा कागद पुढच्या बाजूच्या मागेही टेपने लावा. आता कार्ड दुमडा.

याहून बारीक नक्षी शिवायची असेल तर एक पथ्य पाळा: भोकांत किमान ४ मिमी अंतर ठेवा. त्याहून जवळ टोचले की कार्ड पोस्टाच्या तिकिटासारखे रेघेवर फाटते.

पोस्टात टाकण्यापूर्वी

पहिले कार्ड पूर्ण करून, पाकिटात घालून, काट्यावर वजन करा. मगच बाकीची चोवीस करा. खडे, बटणे, मण्यांचे गोळे शिक्का मारताना चिरडतात आणि पाकीट फाडतात. द्यायचेच असतील तर कार्ड हातानेच द्या. स्टेपलरची पिन नको. संक्रांतीच्या कार्डासोबत हलवा पाठवायची पद्धत गोड आहे, पण चार दाणे सपाट पुडीत बांधून, कागदाला डाग पडणार नाही असे घाला. परदेशातल्या मंडळींना मात्र पाने, फुले, बिया किंवा खाऊ घातलेले काहीही पाठवू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत वनस्पतींच्या बाबतीत तपासणी कडक असते; बियांच्या कागदाचे कार्डही त्यात अडकते. तिकडे ठसे आणि धागा हेच बरे.

उरलेला कागद आडवा, सपाट, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात, आणि कोकणात तर बाराही महिने, पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. उभा ठेवलेला कागद दमट हवेत हमखास वाकतो.

खरेदीची यादी

पहिल्या फेरीत: सी-६ पाकिटे, २५० जीएसएमचा कागद, ९ मिमीचा कटर आणि जादा पाती, पोलादी पट्टी, कटिंग मॅट, ६ मिमीची दुहेरी टेप, पांढऱ्या गोंदाची लहान बाटली, एक पिगमेंट शाईचे पेन, एचबी पेन्सिल, मऊ रबर. घडीपट्टीऐवजी घरातले संपलेले पेन.

पाच-सहा कार्डे झाल्यावर: हातकागदाचे एक-दोन ताव, पांढरे जेल पेन, पोस्टर कलर, भरतकामाचा धागा, लहान टोकदार कात्री.

हात बसल्यावर: घडीपट्टी, फोमची टेप, कट निब, एक पंच, टिकल्यांची एक पुडी.

वेळेचे गणित सणांवर बेतले की चुकत नाही. परदेशी जाणारी कार्डे घटस्थापनेच्या आत पोस्टात पडावीत. इथल्यांसाठी नवरात्रात कागद कापून रेघा दाबून ठेवा, दसऱ्याच्या सुटीत ठसे आणि शिवण उरका, कोजागरीला आतला मजकूर लिहून पत्ते घाला आणि दुसऱ्याच दिवशी टपालपेटी गाठा. कोजागरी ते लक्ष्मीपूजन हा पंधरवडा पोस्टाला पुरेसा असतो.